समुद्रकिनाऱ्यावरची फेरी: पक्षी आणि कीटक एकत्र बघूया का?

खारेवारे

किनाऱ्यावर पक्षी बघायला येणाऱ्यांत दोन नमुने हमखास भेटतात. एक जण जंगलातल्या सवयीने तांबडं फुटायच्या आत हजर होतो, समोर काठोकाठ पाणी बघतो, चार कुरव मोजतो आणि चहाला परत. दुसरा नेमका ओहोटीच्या तळाला पोचतो. पक्षी भरपूर, पण पार आत चिखलावर, दुर्बिणीतूनही ठिपकेच. दोघांनीही भरतीची वेळ बघितलेली नसते.

चिखल उघडा पडला की तुतवार, चिखल्या, गॉडविट ही मंडळी खायला उतरतात, मग दिवस असो की रात्र. पाणी चढायला लागलं की त्यांची जागा आकसत जाते आणि ती आपल्या बाजूला सरकू लागतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास गाठावेत. सूर्य पाठीशी घेऊन एका जागी बसकण मारायची आणि गप्प राहायचं. पाणीच त्यांना जवळ आणतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. त्यामुळे दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर या रविवारी ज्या वेळेला भरती होती, पुढच्या रविवारी त्याच वेळेला जवळपास ओहोटी असणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी फार हलत नाही, मग पक्षीही फार सरकत नाहीत.

पण मला बोलायचं आहे ते त्या वरच्या ओळीबद्दल. भरतीने आणून टाकलेलं शेवाळ, काड्या, शिंपले, मेलेले खेकडे यांची एक वेडीवाकडी रेघ पुळणीवर पडलेली असते. आपण ती ओलांडून पाण्याकडे जातो. एकदा तिथे उकिडवं बसून एका काडीने शेवाळाचा ओला गठ्ठा उलटा करून बघा. खालून माश्यांचा भपकारा उठतो, अळ्या वळवळतात, एखादा काळा भुंगेरा घाईघाईने वाळूत शिरतो. आणि दहा पावलांवर एक चिखल्या उभा असतो, तुम्ही कधी उठताय याची वाट बघत. पक्षीवाले दुर्बीण लावून दूर बघतात, कीटकवाले भिंग घेऊन खाली बघतात, आणि दोघांचा हिशोब याच ओळीत आहे. तुम्ही काय काय बघितलंय ते लिहा.

टिटवी

+१. भरतीचं अगदी पटलं. त्यात भर: नाव ओळखायच्या आधी पक्षी खातो कसा ते बघा. चिखल्या पळतो, थांबतो, टुक करून टिपतो, परत पळतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तो नजरेने शिकार करतो. तुतवाराचं तसं नाही. तो मान खाली घालून शिवणयंत्रासारखा चिखलात चोच मारत पुढे जातो, कारण त्याला बघायची गरजच नाही. त्याच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणारी संवेदी अंगं असतात. नॉट नावाच्या तुतवाराच्या भाऊबंदावर नेदरलँड्समध्ये थेउनिस पिअर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले होते, 1998 साली ते प्रसिद्ध झाले. ओल्या वाळूत पुरलेला शिंपला तर सोडाच, साधा खडासुद्धा हा पक्षी थेट स्पर्श न होता ओळखत होता. चोच खुपसली की वाळूतलं पाणी दाबलं जातं आणि कठीण वस्तू आडवी आली की त्या दाबात फरक पडतो, तो फरक त्याला कळतो.

लाटेच्या पुढेमागे पळणारे पांढुरके छोटे पक्षी दिसले तर त्यांच्या पायाकडे बघा. सँडरलिंगला मागचं बोट नसतं. तुतवारांच्या गोतावळ्यात हे वेगळेपण पटकन लक्षात राहतं.

चौकस

शेवाळाखाली ते टणाटण उड्या मारणारे किडे असतात ते कुठले? पिसवाच वाटतात मला. चावतात का?

सहापायी

चौकस, ते किडे नव्हेतच. सँडहॉपर म्हणतात त्यांना, खेकडे-कोळंबीच्या भाऊबंदांपैकी. पाय मोजा, चौदा भरतील. कीटकाला सहाच. चावत वगैरे नाहीत, बिनधास्त हातावर घ्या आणि परत ओल्यात सोडा, कोरड्या वाळूत ते सुकून मरतात.

त्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. 1950 च्या दशकात इटलीत पार्दी आणि पापी या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हे प्राणी सूर्य बघून समुद्राची दिशा ठरवतात. पश्चिमेला समुद्र असलेल्या किनाऱ्यावरचे सँडहॉपर उचलून पूर्वेला समुद्र असलेल्या किनाऱ्यावर सोडले तर ते पश्चिमेकडेच निघतात, म्हणजे पाण्याकडे पाठ करून. सूर्य दिवसभर सरकतो त्याचा हिशोबही त्यांच्या आतल्या घड्याळात असतो.

आता खरे कीटक. कोरड्या वाळूवर उन्हात काहीतरी चमकून पुढे पळालं, थांबलं, परत पळालं असं दिसलं तर तो बहुतेक टायगर बीटल. मध्येच का थांबतो? इतका जोरात पळतो की डोळ्यांना तेवढ्या वेळात पुरेसा उजेड मिळत नाही आणि समोरचं भक्ष्य दिसेनासं होतं. थांबायचं, बघायचं, दिशा सुधारायची, परत धावायचं. पळताना मिशा पुढे ताठ धरलेल्या असतात, म्हणजे आडवं काही आलं तर आधी मिशांना लागावं. त्याच्या जवळ जायची युक्ती अशी की उभं राहून जाऊ नका. तुमची सावली पडली की तो उडून दहा-पंधरा फुटांवर बसतो, आणि बऱ्याचदा तोंड तुमच्याकडेच करून. बसून, सूर्याकडे तोंड ठेवून, इंच इंच सरका.

त्याची अळी वाळूत उभ्या बिळात राहते, डोक्याने बिळाचं तोंड बंद करून. मुंगी वरून गेली की झडप. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका जातीच्या अळ्या उघड्यावर सापडल्या तर हवेत कोलांटी घेऊन स्वतःचं चाक करतात आणि वाऱ्याच्या जोरावर वाळूवरून घरंगळत जातात. 2011 साली याचा शोधनिबंध आला तेव्हा चित्रफीत बघूनही माझा विश्वास बसत नव्हता.

रेवती

खारेवारे, छान विषय. माझं सगळं लक्ष मर्यादवेलीकडे असतं, वाळूवर पसरते ती जांभळ्या फुलांची. फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मलूल होतात, त्यामुळे भुंगे आणि माश्या बघायच्या तर सकाळीच. पण फुलं कोमेजल्यावरही वेल सोडून जाऊ नका. पानाचा देठ जिथे पानाला चिकटतो तिथे बारीक मधुग्रंथी असतात. फुलाबाहेरच्या मधासाठी मुंग्या तिथे ठाण मांडून बसतात आणि पान कुरतडायला आलेल्याला हुसकावतात. भिंग नसेल तर दुर्बीण उलटी धरा, डोळ्याकडची बाजू पानाच्या अगदी जवळ न्या. चांगलं भिंग होतं.

आणि फुलपाखरं. ओल्या वाळूवर दाटीवाटीने बसून सोंड खुपसलेली दिसली तर ते चिखलपान. क्षार गोळा करतात, मुख्यतः सोडियम. बसलेले बहुतेक नर असतात आणि मिलनाच्या वेळी तो साठा मादीकडे जातो.

निवांत

सगळं ठीक आहे, पण शेवाळाच्या ओळीचं एवढं कौतुक कशाला ते कळलं नाही. आमच्याकडे पावसाळ्यानंतर ते इतकं साचतं की घाण वास येतो, माश्या घोंघावतात, लोक किनाऱ्यावर यायला नाक मुरडतात. यंत्र आणून एकदा साफ केलं की कसं छान स्वच्छ दिसतं. पक्ष्यांना काय, सगळा समुद्र पडलाय खायला.

खारेवारे

निवांत, वासाबद्दल दुमत नाही, कुजकं ते कुजकंच. पण "सगळा समुद्र पडलाय" हे मात्र गैरसमजातून आलंय. चिखल्याला पोहून मासे पकडता येत नाहीत. उघड्या वाळूवर स्वतःचं असं फार काही उगवत नाही, त्यामुळे तिथल्या जीवांचं पोट समुद्राने बाहेर टाकलेल्या मालावर चालतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पुळणींवर जेनिफर डुगन आणि सहकाऱ्यांनी हे मोजून बघितलं, 2003 साली निबंध छापून आला. जिथे शेवाळ नेमाने खरवडून नेलं जात होतं तिथे वाळूतले प्राणी कमी, आणि काही जातींच्या चिखल्यांची संख्या थेट शेवाळाच्या प्रमाणाशी जुळत होती.

शिवाय यंत्र शेवाळ आणि प्लास्टिक यांत फरक करत नाही. वरची काही इंच वाळू चाळून सगळंच नेतं: टायगर बीटलची बिळं, पक्ष्यांची अंडी, रेवती म्हणतात त्या वेलीचं बी. हाताने प्लास्टिक, दोर, थर्माकोल वेचायचं आणि शेवाळ तिथेच ठेवायचं, एवढंच म्हणणं आहे. बसायच्या-खेळायच्या पट्ट्यातलं शेवाळ फावड्याने बाजूला ओढून ठेवलं तरी चालेल, पण किनाऱ्यावरून उचलून नेऊ नये.

निवांत

बाजूला ओढून ठेवणं हा मधला मार्ग पटतो. हाताने वेचायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न उरतोच, पण ते असो.

मधली_सुट्टी

माझा बाळबोध प्रश्न. कुरव बसलेला असताना त्याच्या चोचीच्या टोकाला थेंब लोंबताना दिसतो आणि तो सारखं डोकं झटकतो. आजारी असतो का? मुलाने विचारलं, मला उत्तर देता आलं नाही.

टिटवी

मुलाची नजर चांगली आहे हो! आजारी नाही, मीठ बाहेर टाकतोय. समुद्री पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर लवणग्रंथी असतात. रक्तातलं जादा मीठ त्या वेगळं करतात, ते घट्ट खारं पाणी नाकपुड्यांतून चोचीवर ओघळतं आणि टोकाशी जमतं. क्नूट श्मिट-निल्सेन यांनी 1950 च्या दशकात पाणकावळ्यांवर हे शोधलं. म्हणून ही मंडळी समुद्राचं पाणी पिऊ शकतात आणि आपण पिऊ शकत नाही.

दर्यावर्दी

समुद्रात कीटक का नाहीत, असा प्रश्न मला खूप वर्षं पडायचा. जमिनीवर लाखो जाती आणि एवढ्या मोठ्या पाण्यात जवळपास शून्य. सहापायी, यावर लिहा ना.

सहापायी

काका, कारणांवर अजून वाद चालू आहेत, पण अपवाद दोन मस्त आहेत. पहिला हॅलोबेटिस. डबक्यावर पळणारे लांब पायांचे किडे असतात ना, त्यांचे हे समुद्री भाऊबंद, बिनपंखी. चाळीसहून जास्त जाती, बहुतेक किनाऱ्याजवळ आणि खाजणात राहणाऱ्या, पण पाच जाती अशा की खुल्या महासागराच्या पृष्ठभागावरच आयुष्य काढतात. अंडी घालायला तरंगतं काहीतरी लागतं: पीस, लाकूड, सच्छिद्र दगड. आता प्लास्टिकचे तुकडेही चालतात. खाजणाच्या कडेला शांत पाण्यावर चंदेरी ठिपके झरझर सरकताना दिसले तर दुर्बीण तिथे वळवा.

दुसरा क्लुनिओ, डासाएवढा चिलट. अळ्या ओहोटीच्या अगदी खालच्या पट्ट्यात खडपांवर वाढतात, जिथे पाणी फक्त उधाणाच्या ओहोटीलाच पुरतं उतरतं. त्यामुळे प्रौढ चिलटं नेमकी त्याच दिवशी त्याच वेळेला बाहेर पडतात. मादीला पंख नसतात. नर तिला शोधतो, कोशातून बाहेर यायला मदत करतो, मिलन होतं, ती अंडी घालते आणि पाणी परत चढायच्या आत सगळं आवरलेलं असतं. प्रौढ आयुष्य मोजक्या तासांचं. भरती-ओहोटीचं कोष्टक न बघता किनाऱ्यावर जाऊ नये, असं खारेवारे म्हणतात ते या चिलटांना आधीपासून पाठ आहे.

रेवती

पहाटे पाण्याच्या कडेला बीटल, पतंग, लेडीबर्ड ओले होऊन पडलेले दिसतात. ते जमिनीवरचेच ना?

खारेवारे

हो. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, उडणारे कीटक त्यात सापडून आत जातात, पाण्यात पडतात आणि लाटांबरोबर परत येतात. बरेच जिवंत असतात. ऊन लागलं की पंख वाळवून निघून जातात, त्याआधी एखाद्या टर्नस्टोन पक्ष्याने गाठलं नाही तर. दिवस वर आला की खारे वारे सुटतात आणि मग उलट, कीटक झुडपांच्या आडोशाला, वारा न लागणाऱ्या बाजूला दडतात. म्हणून वाऱ्याची दिशा बघून झुडपाची बाजू निवडा.

मधली_सुट्टी

आणि ते शेकडो पिवळट चतुर? एकाच दिवशी किनाऱ्यावर थवेच्या थवे येतात आणि दोन दिवसांत गायब.

सहापायी

वर्णनावरून वांडरिंग ग्लायडर, पँटाला फ्लॅव्हेसन्स. मागचा पंख मुळाशी रुंद असतो, त्यामुळे न फडफडवता तरंगत राहतो. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात वाढ पटकन उरकतो आणि वाऱ्याबरोबर पुढे. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की जिथे साचलेलं गोडं पाणी जवळपास नाही तिथे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास लाखो चतुर येतात कुठून? 2009 साली त्याने मांडलं की हे भारतातून निघून मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेला जातात आणि पुढच्या पिढ्या परत येतात. सगळा फेरा त्याच्या अंदाजाने 14,000 ते 18,000 किलोमीटरचा, अनेक पिढ्यांत मिळून.

किनाऱ्यावर चालता चालता लागलेला आणखी एक शोध: ऑक्टोबर 2013 मध्ये जेरार्ड तालावेरा यांना फ्रेंच गयानाच्या पुळणीवर पेंटेड लेडी फुलपाखरं बसलेली दिसली, पंख फाटलेले, रंग विटलेले. ही जात दक्षिण अमेरिकेत तिथे नसतेच. अंगावरचे परागकण आफ्रिकेतल्या वनस्पतींचे निघाले, जनुकं आणि वाऱ्याच्या नोंदीही जुळल्या. अटलांटिक ओलांडून 4,200 किलोमीटर. निष्कर्ष छापून यायला 2024 उजाडलं. कुणी त्या विटक्या फुलपाखरांकडे बघून "मेलेली दिसतायत" म्हणून पुढे गेलं असतं तर तो विषय तिथेच संपला असता.

चौकस

हे वाचून उत्साह येतो पण प्रत्यक्षात मला सगळे चिखलपक्षी करडेच दिसतात. ॲपमध्ये फोटो टाकला की तीन वेगळी नावं येतात.

टिटवी

विणीचा हंगाम सोडला की ते करडेच असतात, त्यात तुमचा दोष नाही. रंग बाजूला ठेवा. चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट, सरळ की वर वळलेली की खाली? गॉडविटची किंचित वर, व्हिम्ब्रेलची खाली. मग पायांचा रंग, मग उडताना पंखावर पांढरी पट्टी आहे का, कमरेवर पांढरं आहे का. फोटो एकच टाकू नका, बाजूने बसलेला आणि उडतानाचा असे दोन्ही टाका. नाव नाहीच लागलं तर "तुतवार, जात अनिश्चित" अशी नोंद करा. ती नोंदही कामाची असते, चुकीच्या नावाची नसते.

पायात रंगीत कडं किंवा छोटा झेंडा दिसला तर मात्र सगळं सोडून त्याचाच फोटो काढा. रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं-आकडे, सगळं लिहून घ्या.

दर्यावर्दी

फोटोवरून आठवलं. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून मुद्दाम धावत जाणारे बहाद्दर वाढलेत. मोकळे सोडलेले कुत्रेही तेच करतात, पण कुत्र्याला समजत नाही एवढं तरी म्हणता येतं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता 11 दिवसांत 13,560 किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला. अंगावर लावलेल्या उपग्रह-यंत्रामुळे हे कळलं. असा प्रवास साठवलेल्या चरबीवर होतो आणि ती चरबी चिखलावर टिपून टिपून जमवलेली असते. भरतीच्या वेळी थवा एका पायावर निवांत उभा असतो तेव्हा तो ती वाचवत असतो. दर उड्डाणाला ती खर्च होते.

रेवती

दर्यावर्दी काका, अगदी. आणि विणीच्या दिवसांत एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे पळाला तर त्याच्या मागे जाऊ नका, "बिचारा जखमी" म्हणून उचलायला तर मुळीच नाही. अंडी किंवा पिल्लं तुमच्या पायाजवळ आहेत. वाळूच्या रंगाची, खळगी नावापुरती. आल्या पावली, खाली बघत, त्याच वाटेने मागे फिरा. उन्हात अंडी उघडी राहिली की थोड्या वेळात भाजून निघतात.

चौकस

लक्षात ठेवतो. शेवटचा प्रश्न: दुर्बीण कुठली आणि खाऱ्या हवेत ती टिकते का?

खारेवारे

8x42 बहुतेकांना पुरते. आठ पट जवळ, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. दहा पटीची हातात थरथरते, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात जास्तच. खाऱ्या हवेत टिकते, पण शर्टाच्या टोकाने पुसायची नाही. काचेवर वाळूचे कण असतात, घासले की कायमचे ओरखडे. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने कण उडवायचे, मग गोड्या पाण्याने किंचित ओला केलेला मऊ कपडा, मग कोरडा. आणि पुळणीवर टेकवताना भिंगं वर करून ठेवू नका, पट्टा गळ्यातच असू द्या.

चौकस

धन्यवाद. येत्या पौर्णिमेच्या भरतीला जातो. फोटो इथेच टाकतो, नावं तुम्ही लावा.

टिटवी

उडतानाचाही टाका. पण उडवून नको!